मक्याच्या पंधरा जोड्या

काचेच्या छपराखाली ऊब आहे, मातीला ओल आहे आणि तुमच्यासमोर मक्याची कुंडी आहे. गाव डाउन, परगणा केंट. काचघर चार्ल्स डार्विन यांचं. ज्या पुस्तकात ही रोपं जाणार आहेत ते 1876 साली छापून येईल, म्हणजे अजून थोडा अवकाश आहे. अकरा वर्षं हा माणूस एकाच प्रश्नाच्या मागे लागलेला आहे: झाडाचं बी त्याच झाडाच्या परागापासून धरलं, तर पुढची पिढी खुजी होते का?

कुंडीच्या एका कडेला परपरागणातून आलेलं रोप आहे, समोरच्या कडेला स्वपरागणातून आलेलं. दोन्ही एकाच वेळी रुजलेली. माती तीच, पाणी तेच, ऊन तेच. जोडी लावण्यामागची ही काळजी नीट पाहून घ्या, कारण पुढची साठ वर्षं हुशार माणसं या कुंड्यांकडे परत परत येणार आहेत.

आता पट्टी घ्या आणि मोजा. पहिली जोडी: परपरागित रोप साडेतेवीस इंच, समोरचं सतरा इंच तीन सूत. इंचाचे आठ सूत, हे कुठलाही सुतार सांगेल. फरक 49 सूत. तुम्हाला वाटतं, ठरलं, परपरागित जोमदार. दुसरी जोडी: परपरागित रोप जेमतेम 12 इंच आणि स्वपरागित 20 इंच 3 सूत. फरक 67 सूत, पण उलट बाजूला. तिसरी जोडी: 21 इंच आणि 20 इंच.

एका कुंडीत तीन जोड्या, आणि त्या तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. चार कुंड्या मोजून झाल्यावर पंधरा फरक तुमच्या हातात येतात. तेरा जोड्यांत परपरागित रोप उंच, दोन जोड्यांत बुटकं. सगळ्यांची बेरीज 314 सूत, सरासरी फरक 21 सुतांहून जरासा कमी, म्हणजे अडीच इंचांहून थोडा जास्त. तरीही ती दुसरी जोडी डोक्यातून जात नाही. एकाच कुंडीत, एकाच पाण्यावर वाढलेल्या दोन रोपांत आठ इंचांचा फरक पडू शकत असेल, तर अडीच इंचांच्या सरासरीवर किती भरवसा ठेवायचा?

डार्विनना हाच घोर लागला होता. त्यांनी आकडे फ्रान्सिस गाल्टन या आपल्या नात्यातल्या भावाकडे पाठवले. गाल्टन यांनी दोन्ही गटांतली रोपं उंचीप्रमाणे रांगेत लावून पाहिली. रांगा देखण्या झाल्या, पण जोड्या मोडल्या. डार्विनने इतक्या निगुतीने एका कुंडीत आणलेली दोन रोपं एकमेकांपासून तुटली, आणि त्या जोडीतच जी माहिती होती ती हरवली. गाल्टन यांचा यात फारसा दोष काढता येत नाही. पंधराच आकडे असले तर काय करायचं, याचं उत्तर त्या वेळी जगात कोणाकडेच नव्हतं.

ते उत्तर शोधायला तुम्ही तीसेक वर्षं पुढे या. टेबलावर पुठ्ठ्याचे 3000 तुकडे आहेत. प्रत्येक तुकड्यावर एका माणसाची उंची आणि त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी लिहिली आहे. ही 3000 माणसं इंग्लंडमधले गुन्हेगार. ओळख पटवण्यासाठी घेतलेली त्यांची मापं आधीच छापून आलेली होती. तुकडे पिसतो आहे तो विल्यम गॉसेट, डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीतला रसायनज्ञ. त्याची अडचण अगदी रोजच्या कामातली आहे. बार्लीचे वाण तपासायचे तर शेताचे तुकडे चार-दोनच मिळतात. पुस्तकांतली सूत्रं मात्र शेकडो मापं गृहीत धरतात.

तुकडे पिसा आणि चार उचला. त्या चार बोटांची सरासरी काढा. पुन्हा चार. पुन्हा चार. 3000 तुकड्यांचे चार-चारचे 750 संच होतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि मनगट दुखेल, पण माझ्या मते संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षात प्रत्येकाने एकदा तरी ते हाताने करावं. कारण इथे एक चैन आहे जी खऱ्या कामात कधीच मिळत नाही: सगळ्या 3000 जणांची खरी सरासरी तुम्हाला आधीच माहीत आहे. तेव्हा प्रत्येक चौकडी खऱ्यापासून किती लांब पडली, हे ताडून पाहता येतं.

आता तुमच्या काळातून आणलेलं ज्ञान वापरा. प्रत्येक चौकडीच्या सरासरीभोवती, त्याच चार मापांच्या विखुरलेपणावरून, एक पट्टा आखा. मोठ्या नमुन्यांसाठीचा 1.96 हा गुणक घेऊन पाहा. शंभरातल्या पंच्याण्णव पट्ट्यांत खरी सरासरी सापडायला हवी. तुम्हाला साधारण पंच्याऐंशींतच सापडेल. बाकीचे दहा कुठे गेले? चारच मापांवरून विखुरलेपणाचा अंदाज घेतला की तोही चुकतो, आणि पुष्कळदा खऱ्यापेक्षा कमी निघतो. चार माणसं योगायोगाने सारख्या बोटांची निघाली की पट्टा अरुंद होतो, आणि अरुंद पट्टा नेमका नको तिथे खात्री दाखवतो. चौकडीसाठी गुणक 1.96 नाही, 3.18 घ्यावा लागतो. 1908 साली गॉसेटने यामागचं गणित ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात छापलं. कामगारांनी स्वतःच्या नावाने काही छापू नये असा भट्टीचा नियम होता, म्हणून लेखाखाली नाव आलं ‘स्टुडंट’. परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्ही ज्या टी-टेबलाच्या कोपऱ्यात बोट फिरवता त्याचं मूळ हे.

3.18 घेऊन पुन्हा पट्टे आखा. 750 पैकी साधारण 712 पट्ट्यांत खरी सरासरी असेल आणि 38 च्या आसपास पट्टे चुकतील. चुकलेल्यांपैकी एखादा हातात घ्या. त्याच्या तोंडावर काहीही लिहिलेलं नसतं. तो बाकीच्यांसारखाच दिसतो. हे लक्षात ठेवा, लंडनमध्ये उपयोगी पडेल.

त्याआधी हार्पेंडनला थोडं थांबू या. रोदॅमस्टेडचं शेतकी संशोधन केंद्र, पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झालेली. इथे एका गव्हाच्या शेतात 1843 पासून अखंड प्रयोग चालू आहे, आणि त्या साठलेल्या आकड्यांचं काय करायचं हे पाहायला 1919 मध्ये रोनाल्ड फिशर नावाचा तरुण नेमला गेला आहे. दुपारच्या चहाची वेळ. फिशर भांड्यातून चहाचा पेला भरून म्युरिएल ब्रिस्टल या शैवालतज्ज्ञ बाईंपुढे धरतो. बाई नको म्हणतात. त्यांना आधी दूध ओतून मग चहा घातलेलाच आवडतो. फिशरला वाटतं, आधी काय ओतलं याने चवीत काय फरक पडणार! जवळ उभे असलेले रसायनज्ञ विल्यम रोच म्हणतात, तपासूनच पाहू. पुढे ब्रिस्टल आणि रोच यांचं लग्नही झालं.

कपांकडे पाहा. मागाहून फिशरने आपल्या पुस्तकात हा प्रयोग मांडला तेव्हा कप आठ धरले: चार दूध आधीचे, चार चहा आधीचे. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. बाईंना सांगायचं की चार-चार आहेत, आणि त्यांनी दूध आधीचे चार वेगळे काढायचे. आठातून चार निवडण्याचे 70 मार्ग आहेत. जीभ काहीच सांगत नसेल, तर चारही बरोबर येण्याची शक्यता 70 त 1, दीड टक्क्याहून कमी. एकाची अदलाबदल झाली, म्हणजे तीन बरोबर आणि एक चूक, असे 16 मार्ग आहेत. ‘निदान तीन बरोबर’ याला पुरावा मानायचं ठरवलं तर नुसत्या अंदाजानेही 70 त 17 वेळा, जवळजवळ चारात एकदा, बाई पास होतील. म्हणून तीन चालणार नाहीत. सहाच कप ठेवले तर मार्ग 20, म्हणजे सगळे बरोबर आले तरी शक्यता 5 टक्के. आठ कप का, याचं उत्तर चहा ओतण्याआधी कागदावर तयार आहे.

बाईंनी किती कप ओळखले हे फिशरने त्या प्रकरणात लिहिलेलंच नाही. मला हे फार आवडतं. निकाल कळण्याआधी, कोणता निकाल आला तर आपण काय म्हणायचं हे पक्कं करणं, एवढंच त्याला शिकवायचं होतं. ‘जीभ काहीच सांगत नाही’ हे शून्य गृहीतक. चाचणी त्याच्यावरच चालते, कारण त्यातूनच 70 आणि 17 असे नेमके आकडे निघतात. ‘बाईंना थोडंफार कळतं’ या विधानातून असा एकही आकडा निघत नाही. आणि बाई चुकल्या, तर त्यांना काहीच कळत नाही हेही सिद्ध होत नाही. आठ कपांत ते दिसलं नाही, इतकंच.

आता लंडन, 1935. गावर स्ट्रीटवरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा जिना चढा. दोनच वर्षांपूर्वी संख्याशास्त्रज्ञ कार्ल पीअर्सन निवृत्त झाले आणि त्यांच्या विभागाची दोन शकलं झाली. वर फिशर, खाली कार्ल यांचे चिरंजीव इगॉन पीअर्सन आणि पोलंडहून आलेले येर्झी नेमन. दोन्ही मंडळींचं सख्य इतकं की चहाची खोली एकच असली तरी वेळा वेगळ्या: पीअर्सनांची माणसं चारला, ती उठून गेल्यावर साडेचारला फिशरची.

जिन्यावर तुम्हाला एक मराठी तरुण भेटू शकतो. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, पुण्याच्या फर्ग्युसनमधून 1932 साली गणित घेऊन बाहेर पडलेले. 1933 ते 1936 ते इथे शिकत होते, नेमन आणि पीअर्सन यांच्याकडे. नमुने कसे काढावेत यावर त्यांचा एक शोधनिबंध याच 1935 साली छापून आला. ‘काय सुखात्मे, कसं चाललंय?’ असं म्हणायचा मोह होईल. आवरा, कारण तुम्हाला आधी वरच्या मजल्यावर जायचं आहे.

फिशर यांचं ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ ताजं छापलेलं आहे. चहा दुसऱ्या प्रकरणात. तिसरं उघडा आणि तुमची कुंडी तिथे भेटेल: 49, उणे 67, 8, आणि पुढचे बारा. जोड्या शाबूत. आता गॉसेटचं गणित हाताशी आहे, तेव्हा स्वतः करून पाहा. पंधरा फरकांचं प्रमाण विचलन 37.7 सूत. त्याला पंधराच्या वर्गमुळाने भागलं की सरासरीची प्रमाण त्रुटी 9.75. सरासरी 20.93 ला तिने भागा: 2.148. टी-टेबलात चौदाच्या (पंधरा उणे एक) ओळीत 5 टक्क्यांखाली आकडा आहे 2.145. तीन सहस्रांशांनी पलीकडे! पी-व्हॅल्यू निघते 4.97 टक्के.

फिशर इथे दुसरी वाटही दाखवतात, आणि ती पहिलीपेक्षा सुंदर आहे. परागणाने काहीच फरक पडत नसेल आणि कोणतं रोप कुंडीच्या कोणत्या कडेला जाईल हे नाणेफेकीने ठरलं असेल, तर प्रत्येक फरकाचं चिन्ह अधिक असो वा उणे, सारखंच संभवनीय. पंधरा फरक, प्रत्येकी दोन चिन्हं, एकूण 32768 प्रकार. त्यांतल्या किती प्रकारांत बेरीज 314 किंवा अधिक येते? फिशर यांनी मोजून काढलं: 863. उणे बाजूलाही तेवढेच. मिळून 1726, म्हणजे 5.27 टक्के. कोणत्याही वक्राचं गृहीतक लागलं नाही, फक्त नाणं लागलं. आणि डार्विनने नाणं उडवलं नव्हतं, हे फिशर यांचं खरं दुखणं होतं.

पण या दोन आकड्यांकडे जरा वेळ पाहत राहा. 4.97 आणि 5.27. त्याच पंधरा जोड्या. एका रीतीने मोजलं तर रेषेच्या अलीकडे, दुसऱ्या रीतीने पलीकडे. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत पहिल्या वेळी ‘शून्य गृहीतक नाकारावं’ आणि दुसऱ्या वेळी ‘नाकारता येत नाही’. मक्याच्या रोपांना मधल्या वेळात काहीही झालेलं नाही. 5 टक्के ही रेषा सोयीसाठी आखलेली आहे, आणि तिच्या काठावर उभं राहून मोठ्या आवाजात निकाल सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. तसंच, 4.97 टक्के ही ‘परागणाने फरक पडत नाही’ हे खरं असण्याची शक्यता नव्हे. फरक पडत नाही असं धरून चाललो, तर इतकी किंवा याहून मोठी तफावत किती वेळा दिसेल, याचा तो आकडा. पहिल्या वर्षाच्या पेपरांत सर्वांत जास्त चूक होते ती इथे, आणि ती चूक पुढे डॉक्टर, पत्रकार, अधिकारी होऊनही सुटत नाही.

खाली उतरा. तोच मका, तेच आकडे, पण प्रश्न बदला. फरक आहे की नाही, हे सोडा; किती आहे? 2.145 ला 9.75 ने गुणा, सुमारे 20.9. सरासरीतून ते वजा करा आणि तिच्यात मिळवा. पट्टा आला 0.03 सुतापासून 41.8 सुतांपर्यंत. म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही इतक्या फरकापासून थेट सव्वापाच इंचांपर्यंत. पी-व्हॅल्यूत जी अनिश्चितता एका ‘हो’च्या आड गेली होती, ती इथे पट्टीवर मांडून दिसते. खालचं टोक शून्याला जवळजवळ टेकलं आहे, आणि चाचणी काठावर पास झाली ती त्यामुळेच. एकाच गोष्टीच्या या दोन बाजू. मला विचाराल तर दोन्हींतून एकच छापायला जागा असेल तेव्हा पट्टा छापावा.

नेमन यांनी ‘कॉन्फिडन्स इंटरव्हल’ ही संज्ञा इंग्रजीत मांडली ती 19 जून 1934 रोजी, रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे. चर्चेत आर्थर बाउली यांनी शंका काढली: हा विश्वास म्हणजे हातचलाखी तर नाही? शंका रास्त होती. आपल्याला हवं असतं ते या पट्ट्याबद्दलचं आश्वासन. खरा फरक 0.03 आणि 41.8 यांच्या मध्ये असण्याची शक्यता 95 टक्के, असं म्हणायला जीभ शिवशिवते. नेमन ते म्हणू देत नाहीत. खरा फरक काही उड्या मारत नाही. तो आहे तिथे आहे. या पट्ट्यात तो असेल किंवा नसेल. 95 टक्के हा आकडा पट्टा आखण्याच्या रीतीचा आहे.

गॉसेटच्या टेबलावर तुमच्या हातात आलेला तो चुकलेला पट्टा आठवा. आखणी तीच, गुणक तोच, आणि तरी खरी सरासरी त्याच्या बाहेर. डार्विनचा पट्टा 712 मधला की 38 मधला, हे त्याच्याकडे पाहून कळणार नाही. आयुष्यभर ही रीत नीट पाळली तर शंभरातले साधारण पंच्याण्णव पट्टे बरोबर ठरतील, हे मात्र गणिताने सांगता येतं. हे आश्वासन अपुरं वाटतं खरं, पण कार्डं नीट पिसलेली असली तर ते पाळलं जातं.

कार्डं नीट पिसलेली असली तर. या अटीचं काय होतं हे पाहायला तुम्ही सुखात्म्यांबरोबर हिंदुस्थानात या.

1940 चं दशक, युद्ध आणि टंचाई. देशात धान्य किती पिकतं याचा हिशेब तोवर बराचसा नजर अंदाजाने, आणेवारीने चालत आलेला. सुखात्मे आता कृषी संशोधन परिषदेत आहेत आणि पीक कापणीची पद्धत बसवत आहेत: गावं यादीतून चिठ्ठीने, गावातली शेतं चिठ्ठीने, शेतातली जागाही चिठ्ठीने. त्या जागी दोरी ताणून तुकडा आखायचा, तेवढंच कापायचं, मळायचं, तोलायचं. तिकडे बंगालात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल छोट्या तुकड्यांकडे होता. छोटा तुकडा लवकर कापून होतो, त्याच वेळात पुष्कळ कापता येतात, आणि जितके जास्त तितका पट्टा अरुंद. गणित त्यांच्या बाजूने दिसतं.

दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ आखून गव्हात बसा. परीघ पिकातून जातो आणि त्याच्यावर रोपंच रोपं. हे रोप आत धरायचं की बाहेर? बुंधा दोरीवरच आहे, ओंबी आत झुकली आहे. हात आपोआप ते आत घेतो. कोणीही लबाडी करत नाही. भरघोस ओंबी सोडवत नाही, इतकंच. वर्तुळ जितकं लहान, तितका क्षेत्राच्या मानाने परीघ मोठा, आणि तितकं हे उगाच आत आलेलं पीक जास्त. लहान तुकड्यांतून उत्पन्न फुगून येतं, हे सुखात्म्यांनी निरनिराळ्या आकारांचे तुकडे कापून दाखवलं आणि 1946 साली ‘नेचर’मध्ये मांडलं. आता अशी हजार वर्तुळं कापा. पट्टा सुरेख अरुंद होईल, पण चुकीच्या आकड्याभोवती. चिठ्ठीमुळे येणारी चूक सूत्राला दिसते. ओंबी आत ओढणारा हात त्याला दिसत नाही. त्यासाठी तुकडाच मोठा घ्यावा लागतो: 33 फूट लांब, साडेसोळा फूट रुंद, एकराचा ऐंशीवा भाग.

ते माप आज मीटरमध्ये 10 बाय 5 झालं आहे. महाराष्ट्रात ज्वारी-बाजरीच्या किंवा सोयाबीनच्या शेतात पीक कापणी प्रयोग होताना पाहिला असेल तर ती दोरी तुम्ही पाहिलेली आहे. गावातला सरकारी कर्मचारी यदृच्छ आकड्यांवरून पावलं मोजत जागेवर पोचतो. जागा वाईट निघाली म्हणून दोन पावलं सरकायचं नसतं, आणि चांगली निघाली म्हणूनही नाही. महसूल मंडळभरात असे मोजकेच प्रयोग होतात, म्हणजे आपण गॉसेटच्या छोट्या नमुन्यांच्या राज्यात आहोत आणि पट्टा रुंद असणार. पीक विम्याचा निकाल मात्र एका आकड्यावर लागतो. मंडळाची सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेली तर भरपाई, वर राहिली तर नाही. पट्टा उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असला तरी यादीत सरासरीचा एकच आकडा लागतो. त्या आकड्याशेजारी त्याचा पट्टा आणि प्रयोगांची संख्या छापायला एका ओळीची जागा पुरेल, आणि शेतकऱ्याला ती ओळ मागण्याचा हक्क आहे.